मागांच्या डोक्यावरचं घर

मे महिन्याच्या सुट्टीत माणसं महाबळेश्वरला जातात, फार तर काश्मीरला जातात आणि परत आल्यावर फोटो दाखवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना हैराण करतात. मी भिवंडीला गेले. शाळेत सांगितलं तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि "कापडखरेदी का?" असं विचारलं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "दंगलींचं गाव ते, जपून हो." मी दोघांनाही मान डोलावली. खरं कारण सांगितलं असतं तर देवरुखच्या बाजारपेठेतून ते माझ्याआधी घरी पोचलं असतं. आता मात्र तेच सांगायला बसले आहे. तिथे जे पाहिलं ते एकटीने पोटात ठेवून बसवेना.

मधू माझा धाकटा भाऊ. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. खोलीत कुणी नसताना कुणीतरी बोलायचं, शिव्या घालायचं, हुकूम सोडायचं. डॉक्टर झाले, देवऋषी झाले, पुन्हा डॉक्टर झाले. आजारी माणसाला शांतता हवी, हे आमच्या घरात आरतीच्या वेळेइतकं पक्कं होतं. वडिलांनी दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, रेडिओ मामाकडे पाठवून दिला, गायीच्या गळ्यातली घंटासुद्धा काढून माळ्यावर टाकली. त्या शांततेत मधू दिवसेंदिवस कोपऱ्याकडे बघत बसायचा. पुढे वडील गेले, आई थकली आणि मधू सरकारी मनोरुग्णालयात गेला. तिथे त्याची बरीच वर्षं गेली.

सुट्टीआधी तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्या भावाला आता इस्पितळ नको आहे. गोळ्या कायम लागतील. पण त्याला खरी गरज आहे ती घराची." मी मान खाली घातली. आईला स्वतःचं अंथरूण उचलत नव्हतं आणि मी दिवसभर शाळेत. तेव्हा त्यांनी सांगितलं की सरकारने भिवंडीत एक घर भाड्याने घेतलं आहे, प्रयोग म्हणून. मधूसारखी तीन माणसं तिथे राहतात, चौथी जागा रिकामी आहे. भाडं, शिधा, औषधं, सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, सगळं सरकार बघतं. मधूला महिनाभर तिथे ठेवून बघतो. तुम्ही जाऊन या. पसंत पडलं तर तो कायमचा तिथला, नाही तर परत वॉर्डात.

आमच्या गल्लीतला एक दिवा लावून घेण्यासाठी ज्या सरकारकडे अर्जांवर अर्ज करावे लागले, तेच सरकार माझ्या भावाच्या ताटात भात वाढणार होतं? माझा काही विश्वास बसेना. म्हणून गेले.

शुक्रवार

प्रवासाचं लिहीत नाही. एसटीत शेजारणीला घाट कसा लागला, हे वाचायला कुणालाच आवडत नाही. कल्याणहून भिवंडीला आले, धामणकर नाक्यावर उतरले आणि शेअर रिक्षात चौथी म्हणून कोंबली गेले. नाक्यावर रिक्षा, हातगाड्या, कापडाचे तागे लादलेले टेम्पो असा काही गुंता झाला होता की तो रोज सुटतो कसा याचंच मला नवल वाटलं. रिक्षावाला म्हणाला, "आज तो खाली है बाई. जुम्मा है, लूम बंद." म्हणजे हा खाली!

गल्लीत शिरले आणि जीव भांड्यात पडला. केवढी शांतता! लांबलचक कारखाने कुलूपबंद, दारात बाजा टाकून कामगार बसलेले. कुणी दाढी करून घेत होतं, कुणी धुतलेल्या कपड्यांवर अत्तर लावत होतं. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली ही माणसं आठवडाभराची आंघोळ जणू आजच उरकत होती. खाली कारखाना आणि वर राहायच्या खोल्या, असं मधूचं घर निघालं. इथे मधू सुखात राहील, असं मी जिना चढायच्या आधीच ठरवून टाकलं.

मागच्या पडवीत मात्र खडखडाट चालू होता. एक म्हातारे गृहस्थ लुंगी आणि जाळीची टोपी घालून जुन्या हातमागावर बसले होते. पाय दाबत होते, दोरी ओढत होते, धोटा इकडून तिकडे पळत होता. पण मागावर सूत नव्हतं. एक धागासुद्धा नाही. घाम पुसत पुसत ते नुसता रिकामा माग हाणत होते.

चौघांपैकी हे एक, हे मी लगेच ओळखलं. पहिलीच्या मुलांशी बोलते त्या आवाजात विचारलं, "छान विणताय हं. काय विणताय?"

"काय नाय," ते म्हणाले. "दिसत नाय काय तुम्हाला? सूतच नाय."

"मग काय करता?"

"आवाज करतो."

"हो का? छान, छान. औषध घेतलंत का आज?"

"बीपीची घेतली सकाळी," ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा निरखून बघायला लागले.

तेवढ्यात घर सांभाळणाऱ्या विमलबाई जाधव पदराला हात पुसत आल्या. या पूर्वी इस्पितळात आया होत्या, माहेर जवळच्याच खारबावचं. "आलात व्हय ताई? चाचा, ही आपल्या मधूची बहीण. आन् ताई, हे हमीदचाचा. आपले घरमालक. खालचे माग यांचेच हायेत."

मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. चाचा मात्र खदखदून हसले. "विमल, या बाईंनी तर मला भरती करून घेतलं! माझी खाट कुठली ते पण दाखव."

पण मग माग रिकामा का, हे विचारायचं त्या गडबडीत राहून गेलं. विमलबाई एवढंच म्हणाल्या, "आज शुक्रवार हाय ना, म्हनून." जुम्म्याचा काही नेम असेल, अशी मी मनाशी समजूत घातली. दुसऱ्याच्या धर्मातलं काही कळलं नाही की आपण ते व्रत समजून मोकळे होतो.

घर बघून मी थक्क झाले. चार खाटा, प्रत्येकाची फळी, फळीवर ज्याचं त्याचं सामान. आणि चौघांच्याही गळ्यात सुतळीत ओवलेली किल्ली. इतकी वर्षं ज्यांच्यावर बाहेरून कुलूप पडत होतं, त्यांच्या हातात आता दाराची किल्ली होती. इस्माईल नावाच्या वयस्क माणसाने ती मला पुन्हा पुन्हा दाखवली. त्याला स्वतःचं गाव आठवत नाही, पण किल्ली कुठे आहे हे झोपेतही सांगेल, असं विमलबाई म्हणाल्या.

मधूने मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शर्टाची कॉलर चावत तो पडवीच्या भिंतीला टेकून बसला होता, त्या रिकाम्या मागाच्या अगदी जवळ. चाचा दम खायला थांबले की तो ओठ हलवायला लागायचा. एवढ्या छान शांत घरातही हा असाच, म्हणून मला रडू आलं.

शनिवार

पहाटे खाट हादरली. मला वाटलं भूकंप. "मधू, बाहेर पळ!" असं मी ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. खाली सगळे माग एकदम सुरू झाले होते. जमीन थरथरत होती, फळीवरच्या वाट्या वाजत होत्या, ग्लासातल्या चहावर बारीक लाटा उठत होत्या. गल्लीतल्या इतर कारखान्यांचा आवाज त्यात मिसळत होता. अख्खं गाव दात वाजवत होतं म्हणा ना.

मी विमलबाईंना गाठलं. "इथे आजारी माणसं ठेवतात?"

"काय?"

"आजारी माणसं! या आवाजात!"

"चा पायजे व्हय?"

त्यांनी मला गच्चीवर नेलं. तिथे थोडं तरी बोलता येत होतं. त्यांनी सांगितलं ते असं. सरकारचा नियम आहे की असं घर शांत, हवेशीर वस्तीत असावं. पाहणीला येणारे साहेब ठाण्याहून येतात आणि ते नेहमी शुक्रवारी येत आले, कारण माग बंद असले की भिवंडीचे रस्ते जरा तरी मोकळे असतात. त्यामुळे पडवीतला एक हातमाग सोडला तर घर शांत आहे असंच ते समजत राहिले. अलीकडे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. आता ते सोमवारी येणार होते. पडघ्याला शेतात सरकारची नवी इमारत तयार होती. घर तिकडे हलवायचं घाटत होतं.

"मग अडलंय कुठे?" मी म्हटलं. "उद्याच मला पडघा दाखवा."

विमलबाई काहीतरी बोलणार होत्या, पण माझा चेहरा बघून गप्प बसल्या. मास्तरणीचा चेहरा काही वेळा फार उपयोगी पडतो आणि काही वेळा फार नुकसान करतो.

खाली आले तर मधू आंघोळ करून, भांग पाडून बसला होता. "ताई," तो म्हणाला, "चहा घेतलास?"

किती वर्षांनी त्याने मला काही विचारलं होतं! मी इतकी चिडलेली होते की झोप नीट लागली असेल, एवढाच अर्थ त्याचा लावला.

दुपारी चाचींनी, म्हणजे हमीदचाचांच्या बायकोने, ताटभर वाफवलेली सांदणं पाठवली. आमच्याकडे मे महिन्यात फणसाच्या रसाची करतात, ही नारळाच्या दुधातली, पांढरीशुभ्र आणि जाळीदार. चाचींचं मूळही आमच्यासारखंच कोकणातलं. मागांच्या त्या गदारोळात चौघं पंक्तीला बसून जेवत होते, एकमेकांना वाढत होते. इस्माईल तर खालच्या ठेक्यावर मान डोलावत होता. मी कानात कापूस घालून जेवले.

रविवार

मी, विमलबाई आणि मधू एसटीने पडघ्याला गेलो. नाशिकच्या रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव, ट्रक आणि गोदामांच्या गर्दीतलं. पण इमारत हमरस्त्यापासून आत, शेतांच्या पलीकडे होती. काय सांगू! आंब्याची झाडं, नवा रंग, मोठ्या खिडक्या आणि अशी शांतता की पान पडलेलं ऐकू यावं. कुठेतरी दयाळ पक्षी गात होता. आमच्या वडिलांनी हे बघितलं असतं तर त्यांना धन्य वाटलं असतं. सरकारने चार वेड्या माणसांसाठी, ज्यांना मत द्यायलासुद्धा कुणी बोलावत नाही, एवढं सुंदर काही बांधावं, याचं नवल करत मी नव्या भिंतीवरून हात फिरवला.

"मधू, बघ," म्हणत मी वळले तर मधू नव्हता.

रखवालदाराने विहीर पाहिली. त्याने वाकून आत बघितलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आम्ही झाडं पाहिली, बांध पाहिले, हाका मारल्या. त्या शांततेत माझीच हाक परत यायची. विमलबाई मात्र सरळ हमरस्त्याकडे पळत सुटल्या आणि मी त्यांच्यामागून.

रस्त्याच्या कडेला पंक्चरवाल्याचं खोपटं होतं. हवा भरायचं यंत्र धडधडत होतं आणि त्याला जवळजवळ कान लावून मधू उकिडवा बसला होता. पंक्चरवाला बिचारा हातात टायर घेऊन त्याच्याकडे बघत उभा होता.

"मधू, अरे इथे काय?"

"तिथे ते सगळे येऊन बसलेत, ताई," मधू म्हणाला. त्याचा शर्ट घामाने चिंब होता. "बोलणारे. भिवंडीत त्यांना बोलता येत नाही. इथे आपण पोचायच्या आधीच येऊन बसलेत."

मी तिथेच टायरांच्या ढिगावर बसले. विमलबाईंनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि शनिवारी गच्चीवर जे सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं.

"समद्यांना न्हाय सोसत, ताई. एक जन आठ दिसांतच परत गेला. पन या चौघांना माग चालू असला की बरं वाटतंय. डॉक्टर बोलल्या, गोळी गोळीचं काम करते, माग मागाचं. खरी अडचन शुक्रवारची. लाईट बंद, माग बंद. पहिल्या शुक्रवारी इस्माईलनं भितीवर डोकं आपटून घेतलं. चाचा नमाज पढून आलं, त्यांनी बगितलं. पडवीत त्यो जुना हातमाग धूळ खात पडला होता, एका म्हाताऱ्या विनकराचा. चाचांनी धूळ झटकली. बसले मागावर. तवापासून एक शुक्रवार चुकला न्हाय. सूत लावायचं बोलले होते, पन त्यांना कुठं विनता येतंय? ते लूमवाले. नुसतं हानतात."

ज्या माणसाचं पोट कापडावर, तो आपल्या हक्काच्या सुट्टीच्या दिवशी घाम गाळून कापडाचा एक दोराही न विणता, चार परक्या माणसांसाठी नुसता आवाज विणत होता. आणि मी त्याला औषध घेतलंत का म्हणून विचारलं होतं! मी आयुष्यात देवळं खूप पाहिली, पण त्या क्षणी जसे आपोआप हात जोडले गेले तसे कुठे गेल्याचं आठवत नाही. पंक्चरवाला गोंधळला. त्याला वाटलं, नमस्कार त्यालाच.

सोमवार

पाहणीचे शिंदेसाहेब जीपमधून आले ते घामाघूम होऊन. जिन्यात त्यांनी मला काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं, दोघांनाही काही कळलं नाही. शेवटी ते ओरडले, "हे असं चालणार नाही! आजारी माणसांसाठी शांत जागा हवी. सरकारचा नियम आहे. सामान बांधा, पडघ्याला सगळी सोय आहे!"

शनिवारी मी हेच ओरडत होते, त्यामुळे मला त्यांचा राग येईना. माणूस वाईट नव्हता. आल्याआल्या त्याने तांदूळ मुठीत घेऊन वास घेतला होता, औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा पाहिल्या होत्या. त्याला खरोखरच या चौघांचं भलं करायचं होतं. पण त्या भल्यापायीच मधूचं घर जाणार होतं.

मी सगळं सांगायला लागले. पण त्या आवाजात समजावणार काय? साहेब म्हणाले, "आधी ते बंद करा खाली. पाच मिनिटं. मग बोलू."

चाचा दारातच उभे होते. त्यांनी विमलबाईंकडे पाहिलं. विमलबाईंनी मधूकडे पाहिलं. मग चाचांनी खाली हाक दिली, "बंद करा रे!" एकेक माग थांबत गेला.

दूरच्या कारखान्यांची घरघर राहिली, पण पायाखालची थरथर गेली. साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात इस्माईल उठला, भिंतीपाशी गेला आणि कपाळ टेकवून उभा राहिला. दुसरे दोघे खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. मधूने कॉलर तोंडात धरली. साहेब एकेकाकडे बघत राहिले.

मी पुढे होणार होते, पण मधूच उठला. कॉलर सोडली. त्याला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी हातातून हिसकावून घ्यावा लागत होता.

"साहेब," तो म्हणाला, "बंद केलं की ते बोलतात. चालू असलं की मी बोलतो."

साहेब स्वतःच जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली वाकून ओरडले, "चालू करा! अहो, चालू करा लवकर!"

माग सुरू झाले. इस्माईल भिंतीपासून वळला. मधूने माझ्याकडे बघितलं आणि हसला. त्याचा किडलेला पुढचा दात मला दिसला, इतकं हसला.

आम्ही गच्चीवर गेलो. साहेबांनी एकदा छपरांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "नियम करणारे सगळे शांत ठिकाणी राहतात हो, बाई. त्यांचं तरी काय चुकलं? मी वर लिहितो, अट बदला म्हणून. डॉक्टरांचंही मत जोडतो. पडघ्याला दुसरे येतील, ज्यांना शांतता मानवते ते. पण आपलं सरकार. उत्तर यायला वेळ लागणार."

"आणि तोवर?" मी विचारलं.

"तोवर मी आपला शुक्रवारीच येत जाईन," साहेब म्हणाले. "रस्ते मोकळे असतात."

चाचांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. सरकारच्या पाठीवर अशी थाप मारताना मी पहिल्यांदाच कुणाला बघितलं. मधूला तिथेच ठेवायच्या कागदावर मी सही केली. निघताना मधू नाक्यापर्यंत सोडायला आला. परत जाऊ शकशील ना, असं विचारलं तर त्याने शर्टातून किल्ली बाहेर काढून दाखवली.

घरी

देवरुखला पोचले तेव्हा आई ओटीवर बसून वाट बघत होती. आमच्या घरातली शांतता मला पहिल्यांदाच कानात टोचली. आईने पाणी दिलं आणि विचारलं, "जागा शांत आहे ना गं?"

मी सगळं सांगितलं. हमीदचाचा, रिकामा माग, पंक्चरवाला, शिंदेसाहेब. मधू काय बोलला तेही सांगितलं. गणपतीला त्याला चार दिवस घरी पाठवतील, हेही सांगितलं. आईने रिकामं भांडं उचलून बाजूला ठेवलं. मला वाटलं, तिला पटलं नाही. वडिलांनी एवढं जपलेलं घर, आणि ही बाई गोंगाटाचं कौतुक सांगते आहे.

मी हातपाय धुऊन आले तर आई ओटीवर नव्हती. जिला स्वतःचं अंथरूण उचलत नव्हतं ती माझी आई शिडी लावून माळ्यावर चढली होती. खाली उतरली ती धुळीने माखलेली, हातात गायीची ती जुनी घंटा. पदराने पुसून तिने ती कानाशी धरून वाजवून पाहिली.

"एवढी पुरेल का गं त्याला?" तिने विचारलं. "की बाजारातून आणखी मोठी आणू या?"